‘या’ म्हणेपर्यंत

हिशेब मांडला तर इलारियो मोंतान्योच्या पदरात बरंच काही पडणार होतं. शनिवारी दुपारच्या जेवणाआधी जुन्या व्होचो गाडीच्या क्लचचं पेडल पुन्हा उभं राहिलं, आणि ते उभं राहताना बायकोच्या, अम्पारोच्या, हातात होतं हे मुलीने, नोएमीने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की बायको घरात राहणार होती. बरोबर आणखी एक गोष्ट मिळणार होती, तिचा उल्लेख तो स्वतःशीही करत नव्हता: मुलगी चुकली आणि बाप बरोबर निघाला, हे एकदाचं ठरून जाणार होतं. यातलं मुद्दल कोणतं आणि व्याज कोणतं असं कुणी विचारलं असतं तर तो रागावला असता. खर्चाच्या बाजूला त्याने फारसं काही धरलं नव्हतं. एक नवी केबल, थोडं ग्रीस, गुडघ्यांची कुरकुर. अम्पारोचा हात त्यात धरलाच नव्हता. तो घरचाच होता.

मंगळवारी त्लाल्पानच्या हमरस्त्यावर दिवा लाल झाला म्हणून त्याने डावा पाय दाबला आणि पाय खाली गेला. नुसता खाली गेला. रोज पायाला खालून जो एक विरोध भेटायचा, जुन्या ओळखीच्या माणसाने हात दाबावा तसा, तो भेटलाच नाही. पेडल तळाला टेकलं आणि तिथेच पडून राहिलं. गाडीने एक आचका दिला आणि ती मेली. आवाज म्हणावा असाही झाला नाही. मागच्या मिनीबसवाल्याने भोंग्याच्या पाच ठोक्यांत त्याच्या आईचा उद्धार केला. त्या ठोक्यांचा अर्थ या शहरात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. शेजारच्या सीटवर अम्पारो मांडीवरची पर्स सावरून बसली होती. तिने विचारलं, “पोचलो का?” तो म्हणाला, “नाही, केबल तुटली.” “मग बरं,” ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघू लागली. क्लचशिवाय गाडी घरी कशी आणायची हे व्होचो पाळणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं: गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच चावी फिरवायची, ती बेडकासारख्या उड्या घेत सुटते, आणि पुढचा प्रत्येक लाल दिवा लांबूनच हेरून त्याच्याशी सौदा करत यायचं. प्रत्येक उडीला अम्पारो हसली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी, तोंडावर हात ठेवून. इतकी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती, आणि इलारियोला घामाने भिजलेल्या अवस्थेतही वाटून गेलं की केबल अशीच तुटलेली ठेवली तर काय हरकत आहे.

हरकत दुसऱ्याच दिवशी दिसली. पोर्तालेस वस्तीतल्या त्यांच्या छोट्याशा घरात अम्पारो शांत असायची ती व्होचोच्या भरवशावर. दुपारी जेवण झालं, भांडी झाली, की तो तिला गाडीत बसवून बाजारावरून, चर्चवरून, रुळांपलीकडून एक फेरी मारून आणायचा. मागच्या इंजिनाची घरघर, तापलेल्या सीटचा वास, पेट्रोलचा वास, यांत तिचं काहीतरी जागच्या जागी बसायचं. परत आली की ती चहाचा कप धरायची, टीव्हीसमोर बसायची, झोपायची. फेरी चुकली की ती घरभर चालू लागायची. कपाटातली निळी पिशवी काढायची, तिच्यात एक स्वेटर, एक चमचा, कधी साखरेचा डबा भरायची, आणि दारापाशी उभी राहून विचारायची, “निघायचं ना?” तो म्हणायचा, बस जरा. ती बसायची. मग पुन्हा उभी राहायची. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिने हा प्रश्न इतक्यांदा विचारला की त्या शब्दांचा अर्थ गळून नुसता आवाज उरला, पाणी गळणाऱ्या नळासारखा. आणि तशातच केरेतारोहून नोएमीचा फोन आला. “बाबा, शनिवारी जेवायला येते. आईला बघते. मग ठरवू.” ठरवू म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. तिच्याकडे तळमजल्यावरची खोली रंगवून तयार होती, बाहेर बागेचा तुकडा होता, दिवसा थांबायला एक बाई मिळाली होती. वाईट असं तिच्या बोलण्यात काहीच नव्हतं. “आई आता तुम्हाला ओळखते तरी का?” असं तिने मागच्या खेपेला विचारलं होतं. त्याने तोऱ्यात सांगितलं होतं, ओळखते, हवं तेव्हा ओळखते. खरं म्हणजे गेल्या काही दिवसांत अम्पारो त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागली होती. जन्मभर ‘तू’ म्हणणारी, भांडताना तर त्याहून खालच्या पट्टीत उतरणारी बाई एक दिवस मीठ पुढे करत म्हणाली, “तुम्हाला लागेल ना?” मान वाढला होता असं समजायला तो काही इतका भोळा नव्हता.

कोपऱ्यावरचा मेस्त्री ताचो येऊन बोलता बोलता केबल घालून गेला असता. तो यायला तयार होताच. पण इलारियोने नाही म्हटलं, आणि त्याला कारण होतं. या गाडीत ही केबल घालायला दोन माणसं लागतात. पुढे पेडलखाली एक आकडा असतो, त्यात केबलचं नेढं अडकवायचं. मग केबल गाडीच्या पोटातल्या नळीतून मागे जाते, आणि मागच्या डाव्या चाकापाशी तिच्या आट्यांवर पंखांचा एक नट फिरवायचा. फुलपाखरू म्हणतात त्याला. तो नट पकडेपर्यंत पुढचं पेडल कुणीतरी वर खेचून धरावं लागतं. सोडलं की पेडल पडतं, पेडल पडलं की नेढं आकड्यातून निसटतं, आणि सगळं पहिल्यापासून. लग्न झाल्यापासून ते पेडल अम्पारोने धरलं होतं. पहिल्यांदा केबल तुटली ती क्वाउत्लाच्या रस्त्यावर, उसाच्या शेतांच्या मधोमध, तेव्हा नोएमी पोटात होती. अम्पारो उघड्या दाराशी उकिडवी बसून, एक हात पोटावर आणि एक हात पेडलवर ठेवून, मागे गाडीखाली गेलेल्या नवऱ्याला ओरडून विचारत होती, “या?” आणि तो खालून म्हणत होता, “अजून नाही.” ‘या’ हा त्यांच्या स्पॅनिशमधला चिमूटभर शब्द. झालं का, झालं, आत्ता, पुरे, बास, रडणाऱ्या पोराला उगी उगी, सगळं त्या एका ‘या’त भागतं. नट बसला की तो मागून मोठ्याने म्हणायचा, “या,” आणि ती सोडायची. “तू मागून ओढतोस, मी पुढे धरून बसते,” घरी परतताना ती म्हणाली होती, “आणि मध्ये नळीत काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही. पाद्रीबुवांनी लग्नात हेच सांगायला हवं होतं, उगाच तासभर प्रवचन दिलं.” दुकानातून नवी केबल आणली की तिचा एक ठरलेला विनोद असे. केबलला इथे चिकोते म्हणतात, आणि चाबकालाही तेच. “चाबूक आणलास?” ती विचारायची. “कुणाची पाठ ठरवलीस?”

त्याचाही एक विनोद होता. तो त्याने लग्नांत, बारशांत, डेपोतल्या पार्ट्यांत किती वेळा सांगितला असेल याची मोजदाद नाही. एकदा असाच गाडीखाली असताना शेजारच्या रेडिओवर मॅच रंगात आली, तो नट बसवून उठला, भिंतीशी जाऊन गप्पा मारत उभा राहिला, आणि ‘या’ म्हणायचं विसरला. दुसरा हाफ संपल्यावर परत येतो तर बायको पेडल धरून तशीच बसलेली. “अरे, तू म्हणाला नाहीस ना,” ती म्हणाली. सगळे हसायचे. अम्पारोसुद्धा हसायची, मनगट चोळत. मनगट चोळणं हा विनोदाचाच भाग आहे असं सगळे समजत. आता गुरुवारी रात्रीच्या भांड्यांपाशी उभं असताना हाच विनोद त्याच्या डोक्यात पुरावा होऊन बसला. जी बाई ‘या’ म्हणेपर्यंत सोडत नाही ती हरवलेली नाही. चेहरे हरवतील, नावं हरवतील, पण तो हात आणि तो शब्द यांच्यामधली केबल अजून शाबूत असेल. नोएमीने हे बघायला हवं. डॉक्टरांच्या चाचण्यांत वार विचारतात, महिना विचारतात. वार तर त्यालाही पुष्कळदा आठवत नाही. पेडल धरायला कोण सांगतो?

शनिवारी सकाळी त्याने अंगणाचं लोखंडी फाटक लावून घेतलं आणि गाडीचा मागचा डावा कोपरा जॅकवर चढवला. चाक काढलं. जुन्या केबलचा मागचा तुकडा ओढला तो सहज आला, टोकाशी तारा पिंजलेल्या, म्हाताऱ्याच्या भुवईसारख्या. पुढचं पेडलचं जोडकाम सैल करताना त्याला डॅशबोर्डखाली डोकं घालून, मान मोडून, आंधळ्यासारखं बोटांनी चाचपावं लागलं. बोटं पूर्वीची राहिली नव्हती. बोल्ट कुठे संपतो आणि आपली कातडी कुठे सुरू होते हे पूर्वी आपोआप कळायचं. आता विचार करावा लागत होता. नवी केबल ग्रीसमध्ये माखून त्याने भोकातून नळीत सारली. ती हातभर गेली आणि अडली. पुन्हा ओढली, फिरवली, सारली. गाडीच्या पोटात, त्या बंद बोगद्यात, केबल खरवडत पुढे सरकत होती आणि तो श्वास रोखून ऐकत होता. अम्पारो स्वयंपाकघरातून येऊन मागे कधी उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिच्या खांद्याला निळी पिशवी होती.

“आत कोण आहे?” तिने विचारलं.

“कुणी नाही. केबल आहे.”

“तिला बाहेर यायचंय,” अम्पारो म्हणाली. “तुम्ही वाट चुकवताय तिची.”

त्याने हात थांबवला. मग केबल थोडी मागे घेऊन वेगळ्या अंगाने वळवली, आणि ती सरळ गेली. तिच्या सांगण्यामुळे गेली असं नाही, पण त्याने ते तिच्या जमेला मांडून टाकलं. आज तो तिच्या नावावर काहीही जमा करायला तयार होता. वरच्या गच्चीवर शेजारीण दोन्या कूका कपडे वाळत घालत होती. नवरा गेल्यापासून तिला साऱ्या गल्लीची उणीदुणी मोजायला मोकळा वेळ होता, आणि कठड्यावरून अंगण सिनेमासारखं दिसायचं. तिचा कुत्रा कठड्यातून नाक काढून भुंकत होता.

“इलारियो,” ती वरून म्हणाली, “ताचोला बोलवत का नाहीस? का तो तुझ्या गाडीला नजर लावतो?”

“मला येतं माझं काम.”

“ते दिसतंय. नाकाला ग्रीस लागलंय.” तिने एक चादर झटकली. “आणि पेडल कोण धरणार?”

“अम्पारो.”

कूकाने चादर दोरीवर टाकली. मग कूका म्हणाली, “झाडूचा दांडा घे. पेडलखालून घाल आणि वरचं टोक सीटला टेकव. माझा नवरा तसंच करायचा, मी काही त्याच्यासाठी अंगणात उकिडवी बसले नाही कधी.”

“दांड्याला ‘या’ म्हटलेलं कळत नाही.”

“तिला तरी कुठे कळतंय, बाबा,” कूका म्हणाली, आणि लगेच चिमटे तोंडात धरून कामाला लागली. शब्द परत घेता येत नव्हता म्हणून तोंडच बंद केल्यासारखं. इलारियोने वर पाहिलं नाही. अम्पारोच्या मनाला ते लागलं नव्हतं. ती पेडलकडे वाकून बघत होती.

आता यात एक बारीकशी गोष्ट आहे, आणि ती नीट सांगायला हवी. नेढं आकड्यात बसलं, केबल मागे नटाच्या जागेपर्यंत आली, सगळं तयार झालं, तेव्हा नोएमी अजून यायची होती. त्या क्षणी अम्पारोला बसवून चार-दोन वेढे दिले असते तर काम आटोपून इलारियो हात धुऊन टेबलाशी बसला असता. पण मग नोएमीला दिसलं काय असतं? चालू झालेली गाडी. ती ताचोनेही केली असती. इलारियोचा जन्म ट्रॉलीबसच्या डेपोत वेळापत्रकं आखण्यात गेला होता, आणि त्याने मनातल्या मनात मुलीचं वेळापत्रक आखलं: नाश्ता करून निघाली असेल, टोलनाका ओलांडला असेल, आता शहरात शिरली असेल. त्याने आखलेल्या वेळेवर एकही ट्रॉलीबस कधी आली नव्हती, हे त्याला आठवायला हरकत नव्हती. त्याने दाराशी बुटकं स्टूल ठेवलं, अम्पारोच्या खांद्यावरची पिशवी काढून आत ठेवली, तिला बसवलं आणि तिचा उजवा हात धरून पेडलवर ठेवला. तिची बोटं रबरी पट्टीवर क्षणभर भटकली. मग काय झालं ते त्याने पाहिलं. बोटं आपोआप पट्टीमागे गेली, अंगठा पुढून दाबला गेला, कोपर गुडघ्याला टेकलं, आणि पेडल वर येऊन तिथे थांबलं. क्वाउत्लाच्या रस्त्यावर बसली होती तशीच ती बसली. “धर,” तो म्हणाला. “मी ‘या’ म्हणेन.” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “हो, हो. तू जा मागे.”

जा. तू जा म्हणाली, तुम्ही जा नव्हे.

तो मागे गेला, पाठीवर आडवा झाला, अंग सरपटवत गाडीखाली शिरला. नट मुठीत होता. डोळ्यांवर तेल, माती, इंजिनाचं काळं पोट. केबल डाव्या हाताने ताणून धरली तेव्हा तिच्यातून त्याला पुढचा ताण जाणवला, जिवंत, किंचित थरथरणारा. पलीकडे ती होती. फाटकाबाहेर गाडी थांबल्यासारखी वाटली, पण ते गॅसवाल्याचं टमटम निघालं. “या?” अम्पारोने विचारलं. “अजून नाही,” तो म्हणाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. एक कोळ्याचं जाळं त्याच्या कपाळावर चिकटलं. तो विचार करत होता की नोएमी फाटकातून आत येईल, आईला बघेल, थबकेल. मग आपण खालून अगदी सहज, काही विशेष नसल्यासारखं म्हणू, “या,” आणि अम्पारो सोडेल. बोलायची गरजच पडणार नाही. “या?” “अजून नाही, म्हातारे. थोडं.” त्याच्या पाठीत फरशीचा गारवा चढू लागला. केबलमधला थरथराट वाढल्यासारखा वाटला, पण तो आपल्याच हाताचाही असेल. दोन टोकांना दोन म्हातारे हात; कुठला कापतोय हे मधल्या तारेला कसं कळणार? एकदा त्याला वाटलं की पुरे करावं, नट लावून टाकावा. त्याने नट आट्यांवर टेकवलासुद्धा. आणि तेवढ्यात खरोखर एक गाडी थांबली, दार वाजलं, फाटकाची कडी खडखडली, म्हणून त्याने हात आखडला.

त्या जागेवरून त्याला फक्त पाय दिसत होते. नोएमीचे तपकिरी बूट आत आले, थांबले. मग भराभर चालत गाडीच्या दाराशी गेले. अम्पारोच्या चपला तिथे होत्या, टाचा उचललेल्या.

“आई? आई, काय करतेयस तू? कधीपासून बसलीयस अशी?”

“शू,” अम्पारोचा आवाज आला. “तो खाली आहे.”

“हात बघू. अगं, हात निळा पडलाय. सोड ते.”

“नाही. तो ‘या’ म्हणेल तेव्हा सोडायचं.”

इलारियोने ऐकलं. तो. ते नव्हे, तो. जे जे तो ताळेबंदात मांडून बसला होता ते सगळं त्या एका वाक्यात आलं होतं, मुलीच्या समोर, स्वच्छ आवाजात. त्याला गाडीखालीच हसू फुटलं, आणि त्या हसण्यात नट बोटांतून किंचित सरकला. त्याने तो सावरला, आट्यांवर टेकवला, फिरवला; पहिला आटा पकडेना. ग्रीस. पुन्हा. “या” म्हणायला तोंड उघडलं होतं, पण नट बसल्याशिवाय कसं म्हणणार? मग तपकिरी बूट वाकले, नोएमीचे गुडघे फरशीला टेकले, आणि तिचा आवाज आला, ताप आलेल्या पोराशी बोलावं तसा, अगदी हळू.

“या, आई. मी म्हणते ना. या, या.”

त्याच्या डाव्या हातातली केबल मेली. ताण गेला असं म्हणणं कमी होईल. पलीकडचं माणूसच गेलं. पेडल तळाला आपटल्याचा आवाज नंतर आला, आणि त्यानंतर आकड्यातून निसटलेल्या नेढ्याची नळीच्या तोंडाशी बारीकशी किणकिण. तो खाली पडून होता, नट मुठीत. पायांच्या दोन जोड्या उठल्या, एक दुसरीला आधार देत, आणि घराकडे चालू लागल्या. त्याने नोएमीला हाक मारली असावी, कारण बूट एकदा थांबले. मग पुन्हा चालू लागले.

जेवताना अम्पारोचा हात ओल्या फडक्यात बांधलेला होता. शेवयांचं सूप निवलं होतं. नोएमीने आईला भरवलं, तोर्तियाचे तुकडे करून दिले.

“किती वेळ बसवलं होतंत तिला?” तिने विचारलं.

“थोडाच वेळ,” वेळापत्रकं आखणारा माणूस म्हणाला.

“दोन्या कूकाने वरून सांगितलं मला, दारात.”

तो सूप ढवळत राहिला. “नोएमी, तू ऐकलंस ना? ती म्हणाली, ‘तो ‘या’ म्हणेल.’ तिला माहीत होतं मी कोण ते.”

“ऐकलं, बाबा.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. “तिला माहीत होतं. म्हणूनच नेते तिला. तिला काही कळत नसतं तर तिने केव्हाच सोडलं असतं.”

एखादं बिल कितीही वेळा तपासलं तरी बेरीज बरोबरच निघावी तसं झालं. मुलीने त्याचा पुरावा मान्य केला होता, पूर्णपणे, आणि निकाल मात्र उलटा दिला होता. सामान भरायला वेळ लागला नाही. निळी पिशवी तयारच होती. नोएमीने आतला चमचा काढून ठेवला, बाकीचं राहू दिलं. फाटकाशी तिची चकचकीत नवी गाडी उभी होती. अम्पारो पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला, आणि मग वाकून मुलीच्या पायांकडे बघू लागली.

“हिला एक पेडल कमी आहे,” ती म्हणाली.

“ही आपली आपण गिअर बदलते, आई.”

“धरायला कुणी नको?”

“नको.”

अम्पारोने मान हलवली. पटल्यासारखी, किंवा एखाद्या गोष्टीची दया आल्यासारखी. इलारियो खिडकीत वाकला. तिने त्याच्या नाकावरचं ग्रीस बघितलं, फडक्यातून मोकळी असलेली बोटं वर केली आणि ते पुसलं. “तुमचं काम राहिलं,” ती म्हणाली. “आम्ही निघतो हं.” बरेच दिवस तिला निघायचंच होतं. शेवटी कुणीतरी तिला नेत होतं, आणि ती खूश दिसत होती, हे त्याला नाकारता येईना.

रविवारी सकाळी तो अंगणात आला तेव्हा गाडी तशीच एका कोपऱ्यावर लंगडी उभी होती. त्याने पेडलखाली हात घालून नेढं पुन्हा आकड्यात अडकवलं. मग स्वयंपाकघराच्या दारामागचा झाडू आणला, अम्पारोचाच, दांड्याला तिने बांधलेली लाल चिंधी अजून होती, आणि दांडा पेडलखालून घालून वरचं टोक सीटला टेकवलं. पेडल उभं राहिलं. मागे जाऊन आडवा झाला, नट टेकवला, आणि पहिल्याच फिरवणीत आटा पकडला. मग दुसरा. नट बसत गेला, केबल ताणत गेली, सगळं इतकं सरळ झालं की त्याला संताप आला. कामाच्या शेवटी जिभेवर आपोआप आलेला शब्द त्याने गिळला. वर कठड्यापाशी कूका उभी होती. ती काही बोलली नाही, आणि हे तिने आयुष्यात त्याच्यावर केलेले सगळ्यात मोठे उपकार होते.

दुपारी फोन आला. हाताची सूज उतरली होती, रात्री झोप बरी लागली होती, बागेत बसली होती. “सारखं विचारतेय,” नोएमी म्हणाली, “‘त्यांचं झालं का?’ काय सांगू?”

इलारियोने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. “सांग,” तो म्हणाला, “या.”

“आई,” तिकडे नोएमीचा आवाज फोनपासून दूर गेला, “ते म्हणतायत, या.”

“कोण ते?” असं मागून ऐकू आलं.

तर शेवटचा हिशेब असा. गाडीला केबल मिळाली आणि ती चांगली बसली. नोएमीला आई मिळाली, आणि आईबरोबर दर थोड्या वेळाने येणारा तो प्रश्न. तो आता केरेतारोच्या घरात विचारला जातो. कूकाला बरोबर ठरल्याचं समाधान मिळायला हवं होतं, पण ती अलीकडे अंगणाच्या बाजूला कपडे वाळत घालत नाही. इलारियो बरोबर निघाला. अम्पारोने त्याच्या शब्दासाठी धरून ठेवलं होतं हे मुलीने कबूल केलं, म्हणजे व्याज पुरतं वसूल झालं. मुद्दल गेलं. आणि हे सगळं ज्या हातातून फिटलं तो त्याने खर्चात लिहिलाच नव्हता. गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी दांडा काढावा लागेल. तो अजून काढलेला नाही. लाल चिंधीचा झाडू सीटला पाठ टेकवून पेडल वर धरून बसला आहे, आणि त्याला कुणी ‘या’ म्हटलेलं नाही.